गृहीतांची झडती

सांख्यिकीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संशोधकाने एखाद्या प्रश्नाचा उलगडा करण्यासाठी संगणकावर चार-दोन फंक्शने लिहिली, ती आपल्या आकडेवारीवर चालवून पाहिली आणि समाधानकारक उत्तर हाती आले, म्हणजे त्याचे स्वतःचे काम पुरे झाले असे म्हणता येईल. परंतु तीच फंक्शने दुसऱ्या गावी, दुसऱ्या संगणकावर, कुणालाही आपल्याला काही न विचारता वापरता यावीत अशी इच्छा त्याच्या मनात उत्पन्न झाली, की एका सर्वस्वी निराळ्या कामाला आरंभ होतो. ते काम पॅकेज बांधण्याचे. ज्या कोडने महिनोन्महिने बिनतक्रार साथ दिली तोच कोड वितरणासाठी बांधावयास घेताच पदोपदी अडू लागतो, पडदा तांबड्या अक्षरांनी भरून जातो, आणि नवशिक्या लेखकाला वाटते की यंत्र आपल्याला निष्कारण छळते आहे. या अडचणींचे स्वरूप सामान्य वाचकांपुढे मांडावे आणि त्यांच्या निरसनाची रीत सांगावी, असा या लेखाचा हेतू आहे. आणि माझे म्हणणे थोडक्यात असे, की यांपैकी बहुतेक अडचणींच्या मुळाशी लेखकाचे एखादे न बोललेले गृहीत दडलेले असते व ते शोधून लेखी आणणे हीच खरी दुरुस्ती होय.

उदाहरणादाखल ‘आर’ ही भाषा घेऊ, कारण सांख्यिकीच्या जगात तिचा प्रसार फार मोठा आहे आणि आपल्याकडील विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनाही ती अपरिचित नाही. तिची पूर्वज असलेली ‘एस’ ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून घडविली. पुढे न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या दोघा अध्यापकांनी त्याच वळणावर ‘आर’ निर्माण केली, १९९५ साली ती मुक्त परवान्याखाली सर्वांस खुली केली, आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ भाषेत जे नाही ते पॅकेजांच्या रूपाने तिला जोडता येते. अशा पॅकेजांचे मध्यवर्ती भांडार ‘क्रॅन’ या नावाने ओळखले जाते. ते १९९७ मध्ये व्हिएन्ना येथे कुर्ट हॉर्निक व फ्रीडरिश लाइश यांनी सुरू केले आणि आज त्यात वीस हजारांहून अधिक पॅकेजे दाखल आहेत. ती घेण्यास पैसा पडत नाही. मात्र भांडारात प्रवेश मिळविण्यासाठी प्रत्येक पॅकेजाला एका कसून होणाऱ्या तपासणीतून जावे लागते.

पॅकेज म्हणजे ठरावीक रचनेचा एक फोल्डर. त्यात ‘डिस्क्रिप्शन’ नावाची एक साधी फाइल असते. तिच्यात पॅकेजाचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, लेखकांची नावे, परवाना आणि ज्या अन्य पॅकेजांवाचून हे चालणार नाही त्यांची यादी नोंदवावी लागते. ‘नेमस्पेस’ या दुसऱ्या फाइलीत कोणती फंक्शने बाहेरच्यांस वापरावयास खुली आहेत आणि कोणती बाहेरून आणली आहेत याचा जाबता असतो. फंक्शनांचा कोड एका उपफोल्डरात, त्यांची माहितीपत्रके दुसऱ्यात, सी किंवा फोर्ट्रान भाषेतील वेगवान भाग तिसऱ्यात, चाचण्या चौथ्यात, अशी ही मांडणी. ‘बिल्ड’ हा हुकूम दिला की या सर्वांची मिळून एक आवळलेली फाइल तयार होते, आणि ‘चेक’ हा हुकूम दिला की ती फाइल उघडून, कोऱ्या जागी पॅकेज नव्याने बसवून, त्याचे अंगप्रत्यंग तपासले जाते. तपासणीचे निष्कर्ष तीन प्रतींचे असतात: ‘एरर’ म्हणजे काम थांबविणारा दोष, ‘वॉर्निंग’ म्हणजे दुरुस्त केल्यावाचून पुढे जाऊ नये असा इशारा, आणि ‘नोट’ म्हणजे लेखकाने विचार करून उत्तर द्यावे असा शेरा.

जुन्या घरात राहणाऱ्या माणसांना मागच्या दाराची कडी जराशी वर उचलून मग सरकवावी लागते हे इतके अंगवळणी पडलेले असते, की नव्या भाडेकरूला ते सांगावयाचे राहून जाते आणि तो बिचारा दाराशी झटत बसतो. आपल्या रोजच्या संगणकाशी लेखकाचे नाते नेमके असे असते. कोणते पॅकेज पूर्वी कधी तरी बसविले, कोणती फाइल कोणत्या फोल्डरात ठेवली, कोणते चल सकाळी स्मरणात घेतले, याची त्याला आठवणही राहत नाही. कोड मात्र या सगळ्याच्या आधारावर उभा असतो. ‘चेक’ हा हुकूम त्या नव्या भाडेकरूच्या भूमिकेत शिरतो. त्याला लेखकाच्या सवयी ठाऊक नसतात, आणि त्याची सगळी उपयुक्तता या अज्ञानातच आहे.

पहिली व सर्वांत साधी चूक येथेच सापडते. फंक्शन लिहिताना लेखकाने त्यात एका तक्त्याचा उल्लेख केला, तो तक्ता त्या वेळी त्याच्या कार्यक्षेत्रात हजर होता, म्हणून फंक्शन चालले; पण तो तक्ता फंक्शनच्या हाती रीतसर देण्यात आला नव्हता. कोऱ्या सत्रात तेच फंक्शन चालविले की ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ अशी तक्रार येते. दुसरी चूक तिची सख्खी बहीण: लेखकाच्या संगणकावर एखादे साहाय्यक पॅकेज आधीपासून बसविलेले असते, त्यातील फंक्शन तो सहज वापरतो, पण ‘डिस्क्रिप्शन’मध्ये त्याची नोंद करावयाचे विसरतो. तपासणीत हे उघडकीस येते. जे पॅकेज अनिवार्य आहे त्याची नोंद ‘इम्पोर्ट्स’खाली करावी, जे केवळ एखाद्या उदाहरणापुरते लागते ते ‘सजेस्ट्स’खाली घालावे आणि ते हजर नसल्यास कोडने कोसळून न पडता पुढे जावे अशी तरतूद करावी, असा दंडक आहे.

अडचण कोणतीही असो, ती सोडविणाऱ्याने पहिली सवय लावून घ्यावी ती वृत्तांत वरून वाचण्याची. पॅकेज बसविणे फसले की शेवटच्या ओळीत ‘नॉन-झीरो एग्झिट स्टेटस’ असे शब्द दिसतात, आणि घाबरलेला माणूस तेवढीच ओळ उतरून घेऊन मदत मागत हिंडतो. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की काम यशस्वीपणे संपले नाही. खरे कारण तिच्या पुष्कळ वर, जेथे प्रथम ‘एरर’ हा शब्द उमटला असेल तेथे असते, आणि त्याखालच्या तक्रारी बहुधा त्या पहिलीच्याच संतती असतात. म्हणून पहिला दोष काढावा आणि तपासणी पुन्हा चालवावी. पुष्कळदा वीस तक्रारींपैकी अठरा आपोआप नाहीशा होतात.

तक्रारीची जागा आणि दोषाची जागा एकच असते, असेही समजू नये. याचे एक उत्तम उदाहरण माहितीपत्रकांत आढळते. ही पत्रके एका विशिष्ट चिन्हलिपीत लिहावी लागतात आणि तिच्यात टक्क्याच्या चिन्हाला खास अर्थ आहे: ते आले की त्या ओळीतील पुढचा सर्व मजकूर टिप्पणी समजून वगळला जातो. आता सांख्यिकीच्या लेखकाच्या लेखणीतून ‘९५%’ हा आकडा उतरणार नाही असे कसे होईल? विश्वासांतराविषयी लिहिताना तो सहज ‘९५%’ लिहितो, त्याच ओळीच्या अखेरीस परिच्छेद बंद करणारा महिरपी कंस असतो, आणि टक्क्यापुढच्या शब्दांबरोबर तो कंसही वगळला जातो. वाचणारे यंत्र मग न मिटलेल्या कंसाचा जोडीदार शोधत फाइलीच्या शेवटापर्यंत जाते आणि तेथे पोहोचल्यावर तक्रार करते की फाइल अकल्पितपणे संपली. लेखक शेवटची ओळ दहा वेळा न्याहाळतो. तिच्यात काहीच वावगे नसते. दोष चाळीस ओळी वर, त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या चिन्हात असतो. चिन्हाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ घातली की सर्व सुरळीत होते.

अक्षरांचा प्रश्न आपल्या दृष्टीने विशेष जिव्हाळ्याचा आहे. ‘आर’च्या नियमांनुसार सर्वत्र चालावे अशा पॅकेजाच्या कोडमध्ये, टिप्पण्या सोडल्यास, केवळ मूळ रोमन अक्षरसंच वापरावा लागतो, कारण कोणत्या संगणकावर कोणती लिपी नीट वाचली जाईल याची शाश्वती पूर्वी नव्हती आणि आजही ती सर्वत्र देता येत नाही. एखाद्या विद्यार्थिनीने महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या पर्जन्यमानाचे पॅकेज केले आणि आलेखावर ‘पुणे’, ‘ठाणे’ अशी नावे उमटावीत म्हणून ती कोडमध्ये देवनागरीत लिहिली, तर तपासणी तिला अडविते. याचा अर्थ देवनागरीला मज्जाव आहे असा नाही. प्रत्येक अक्षराला व मात्रेला युनिकोडने नेमून दिलेला क्रमांक आहे. ‘ण’चा ०९२३, उकाराचा ०९४१, एका मात्रेचा ०९४७. हे क्रमांक विहित पद्धतीने कोडमध्ये लिहिले, की पडद्यावर शुद्ध देवनागरी उमटते आणि फाइल मात्र कोणत्याही देशातील संगणकाला वाचता येते. माहितीपत्रकांत देवनागरी वापरावयाची असेल तर ‘डिस्क्रिप्शन’मध्ये लेखनसंकेताची स्पष्ट नोंद करावी लागते. येथेही मुद्दा तोच, की वाचणारा आपलीच लिपी आपल्याच पद्धतीने वाचील हे धरून चालता येत नाही, सांगावे लागते.

सी, सी++ किंवा फोर्ट्रान या भाषांतील कोड ज्या पॅकेजांत असतो त्यांच्या अडचणी अधिक बिकट. असा कोड प्रत्येक संगणकाच्या यंत्रभाषेत उतरवावा लागतो आणि त्यासाठी कंपायलर हवा. विंडोजवर तो ‘आरटूल्स’ नावाच्या संचातून मिळतो व त्या संचाची आवृत्ती ‘आर’च्या आवृत्तीशी जुळावी लागते, मॅकवर ‘एक्सकोड’ची साधने आणि फोर्ट्रानचा कंपायलर निराळा बसवावा लागतो, लिनक्सवर कंपायलर सहज मिळतो, पण नकाशे वाचणारी किंवा जाळ्यावरून मजकूर आणणारी बाहेरची लायब्ररी लागत असेल तर तिच्या विकासासाठीच्या फाइलीही वेगळ्या मागवाव्या लागतात. क्रॅन विंडोज व मॅकसाठी आयते रूपांतर करून ठेवते, म्हणून तेथील वापरणाऱ्यांना ही यातायात सहसा पडत नाही. लेखकाला मात्र ती चुकत नाही. एक दोष तर फारच फसवा: कोड यंत्रभाषेत उतरविताना तयार झालेल्या मधल्या फाइली तशाच फोल्डरात राहतात आणि तो फोल्डर दुसऱ्या जातीच्या संगणकावर नेला, की तेथील साधन त्या ताज्या आहेत असे समजून नव्याने काम करतच नाही आणि परक्या यंत्राचा कोड जोडू पाहते. शिळे अवशेष आधी पुसून मग बांधणी करावी, हा यावरील उपाय. बसविणे मध्येच तुटल्यास ‘००लॉक’ या नावाने आरंभ होणारा एक फोल्डर मागे राहतो व पुढच्या प्रत्येक प्रयत्नाला आडवा येतो. दुसरे कोणतेही सत्र चालू नाही याची खातरजमा करून तो काढून टाकला की वाट मोकळी होते.

नावांतील लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद विंडोज आणि मॅक ही सहसा मानत नाहीत, लिनक्स मात्र काटेकोरपणे मानते. त्यामुळे मोठ्या अक्षराने नाव दिलेली फाइल कोडमध्ये लहान अक्षराने मागितली तर लेखकाच्या घरी ती सापडते आणि क्रॅनच्या लिनक्स संगणकावर सापडत नाही. शब्दांचा क्रम लावण्याचीही हीच गत आहे. भाषेची व प्रदेशाची जी मांडणी संगणकावर निवडलेली असेल तिच्याप्रमाणे मोठी व लहान अक्षरे वेगवेगळ्या क्रमाने लागतात, आणि क्रमावर विसंबलेली चाचणी एके ठिकाणी उत्तीर्ण तर दुसरीकडे अनुत्तीर्ण होते.

सांख्यिकाला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे खुद्द आकड्यांचा फरक. संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवितो, आणि ०.१ ही इतकी साधी संख्याही त्या पद्धतीत नेमकी मावत नाही, म्हणून ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३ शी तंतोतंत समान आहे काय असे विचारले तर उत्तर नकारार्थी येते. निरनिराळ्या यंत्रांवर मधल्या गणितात किती अंकांपर्यंत अचूकता राखली जाते यातही भेद आहे. २०२० च्या अखेरीस ॲपलने स्वतःच्या घडणीच्या एम१ चिपचे संगणक बाजारात आणले, तेव्हा बेरजेसाठी जी अधिक रुंद संख्यारचना इंटेलच्या यंत्रांवर उपलब्ध होती ती त्यांच्यावर नव्हती, आणि शेवटच्या अंकापर्यंत समानता मागणाऱ्या चाचण्या तेथे फसू शकत होत्या. अशा जागी समानतेऐवजी सान्निध्य तपासावे. ‘आर’मधील त्यासाठीचे फंक्शन मुळातच दहा कोटींत सुमारे दीड भाग इतका सापेक्ष फरक क्षम्य मानते. परंतु सहनशीलतेची मर्यादा वाढवीत नेऊन चाचणी कशीबशी उत्तीर्ण करून घेणे हे सांख्यिकाला शोभणारे नाही. फरक मोठा असेल तर गणिताची पद्धतच अस्थिर आहे काय, याचा शोध घ्यावा. पुष्कळदा ती असते.

यंत्र बदलते तसा काळही बदलतो. एप्रिल २०१९ मध्ये ‘आर’च्या ३.६.० या आवृत्तीने यादृच्छिक नमुना निवडण्याची मूलभूत रीत बदलली, कारण जुन्या रीतीत, विशेषतः समष्टी फार मोठी असता, किंचित असमानता राहत होती. परिणामी यादृच्छिक निवडीचा आरंभ ठरविणारे तेच बीज देऊनही निराळा नमुना येऊ लागला आणि जुन्या नमुन्यावर बेतलेल्या चाचण्या मोडल्या. पुढच्या एप्रिलात ४.०.० या आवृत्तीने शब्दांचे स्तंभ आपोआप वर्गीय चलांत रूपांतरित करण्याची जुनी पद्धत बंद केली, तेव्हाही ज्या पॅकेजांनी ती पद्धत कायमची मानली होती त्यांना कोड सुधारावा लागला. पॅकेजे एकमेकांवरही उभी असतात. भौगोलिक माहिती हाताळणारी ‘आरजीडाल’, ‘आरजिओस’ व ‘मॅपटूल्स’ ही तीन जुनी पॅकेजे आगाऊ सूचना देऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त करण्यात आली, आणि त्यांच्या आधाराने चालणाऱ्यांना ‘एसएफ’ व ‘टेरा’ यांसारख्या नव्या पॅकेजांकडे वळावे लागले. याच कारणाने क्रॅनवरील पॅकेजे केवळ दाखल होतानाच नव्हे तर पुढेही वारंवार तपासली जातात. दोष निघाल्यास लेखकाला मुदत दिली जाते, आणि मुदतीत दुरुस्ती न झाल्यास पॅकेज चालू यादीतून काढून जुन्या दप्तरात जमा होते.

क्रॅनचे काही नियम प्रथमदर्शनी जाचक वाटतात, पण प्रत्येकाच्या मागे कुणा तरी अनोळखी वापरणाऱ्याची काळजी आहे. माहितीपत्रकातील उदाहरण काही सेकंदांत आटोपावे, तपासणीच्या वेळी प्रोसेसरचे दोनाहून अधिक गाभे वापरू नयेत, वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरात त्याच्या अनुमतीवाचून काही लिहू नये, बाहेरचे एखादे संकेतस्थळ बंद असल्यास पॅकेजाने समजेल असा निरोप देऊन सभ्यपणे थांबावे, अशा त्या अटी आहेत. यांत अन्याय कसला? दुसऱ्याच्या यंत्रावर आपला कोड पाहुणा म्हणून जातो, आणि पाहुण्याने कसे वागावे हे या अटींनी लिहून ठेवले आहे.

दोष शोधण्याची पद्धत मात्र सर्वत्र एकच. नेहमीच्या फोल्डरावर तपासणी न करता बिल्डने बांधलेल्या फाइलीवर ती करावी, कारण वितरित व्हावयाची वस्तू तीच आहे. दोष आढळला की तो ज्यात टिकून राहतो असे लहानात लहान उदाहरण तयार करावे. पाचशे ओळींचे पंधरा ओळींवर आणताना कारण बहुधा आपणहून पुढे येते. एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक बदलानंतर तपासणी करावी. एकदम चार गोष्टी बदलल्या तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि जे कळले नाही ते पुन्हा उद्भवते. आपल्याकडे विंडोज नसेल तर डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठातील उवे लिगेस यांनी चालविलेल्या ‘विन-बिल्डर’ या सेवेकडे फाइल पाठवून तेथील वृत्तांत मागविता येतो. आणि नोट म्हणून आलेला शेरा क्षुल्लक समजून सोडू नये. ‘या चलाची व्याख्या दिसत नाही’ असा शेरा पुष्कळदा केवळ लेखनपद्धतीमुळे येतो, परंतु त्याच शेऱ्याच्या आड टंकलेखनातील खरीखुरी चूकही लपलेली असू शकते, आणि ती ज्या वाटेने कोड क्वचितच जातो अशा वाटेवर असेल तर दुसऱ्या कोणत्याही चाचणीला ती सापडणार नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. याचे उत्तर सांख्यिकीच्या स्वरूपातच आहे. एखाद्या औषधाचा गुण आहे की नाही, एखाद्या वाणाचे उत्पन्न खरोखर अधिक आहे की तो केवळ योगायोग आहे, असले निर्णय आज ज्या गणितावर होतात ते गणित कागदावर कुणी करीत नाही, पॅकेजे करतात. जो निष्कर्ष काढणाऱ्याच्याच संगणकावर निघतो आणि इतरत्र निघत नाही, त्याला फार तर मत म्हणता येईल. ज्ञानाच्या भांडारात त्याची गणना करावयाची तर तो तिऱ्हाइताला तपासता आला पाहिजे. पॅकेज बांधताना येणारी प्रत्येक तक्रार आपल्याला या तपासणीयोग्यतेच्या एकेक पायरी जवळ नेते, कारण प्रत्येक तक्रारीच्या निरसनाबरोबर, जे आपल्यालाच ठाऊक होते असे काही तरी सर्वांना ठाऊक होते.

म्हणून आपल्याकडील विद्यापीठांत जे विद्यार्थी प्रबंधासाठी कोड लिहितात त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की तो क्रॅनवर पाठवावयाचा नसला तरी त्याला पॅकेजाचे रूप द्यावे आणि त्याच्यावर ‘चेक’चा हुकूम एकदा चालवावा, आणि मार्गदर्शकांनी प्रबंधाबरोबर तो वृत्तांतही मागवावा. पहिल्या खेपेला तक्रारींची लांबलचक यादी येईल. तिच्यातील एकेक कलम निकालात काढताना लागणारे दोन-तीन आठवडे वाया गेले असे समजू नये, कारण परीक्षक, सहाध्यायी किंवा दहा वर्षांनंतर त्याच प्रश्नाकडे वळणारा एखादा अनोळखी अभ्यासक जेव्हा तो कोड आपल्या यंत्रावर चालवील आणि त्याला तेच उत्तर मिळेल, तेव्हाच त्या प्रबंधातील निष्कर्ष खऱ्या अर्थाने सिद्ध झाला असे म्हणता येईल.